न भाजलेल्या वाडग्याचा इतिहास



आमचे मीरा-भाईंदर २००२ साली महानगरपालिका झाले. त्याआधी ही खाडीकाठची, मिठागरांची गावे. आता इथल्या इमारतींत बायका घरच्या घरी ‘क्ले’ मळून शोभेचे वाडगे करतात. कॉर्नफ्लोअर आणि पांढरा गोंद मंद आचेवर घोटायचा, गोळा झाला की मळायचा, पालथ्या वाटीवर थापायचा आणि सावलीत वाळवायचा. चाक नको, भट्टी नको. लोक म्हणतात, नवी कला आली. खरेच नवी आहे का ती?

तुमच्यातल्या कितीतरी जणींनी आजीची कागदी टोपली पाहिली असेल. रद्दी भिजवायची, मेथ्या भिजवून वाटायच्या, दोन्ही उखळात एकजीव कुटायचे. तो लगदा पालथ्या पातेल्यावर थापून वाळवायचा. भिजलेली मेथी बुळबुळीत होते, तोच तिचा गोंद. वाळली की टोपली हलकी आणि टणक. पापड-कुरडया तिच्यात छान राहायच्या. पद्धत तीच, फक्त सामान वेगळे.

पण ही टोपलीही फार जुनी नसणार. पूर्वी कागद हाताने बनायचा. जुन्नरचा कागद नावाजलेला होता, पण असा कागद कुटायला कोण देणार? १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ हे पहिले मराठी वर्तमानपत्र काढले. पुढे छापखाने वाढले, वर्तमानपत्रे स्वस्त झाली, घरात रद्दी साचू लागली. तेव्हा बायकांच्या हाताला हा नवा माल मिळाला. त्याआधी हात चालत होते ते शेण-माती-भुशावर. चूल घातली ती त्याचीच, कणगी लिंपली तीही त्यानेच. यातले काहीच भट्टीत जात नव्हते.

आता आणखी मागे जाऊ. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. एका घराच्या जमिनीखाली एक लंबगोल, झाकणाचे मातीचे भांडे सापडले. ते भाजलेले नव्हते. आत मातीचीच, डोके नसलेली स्त्रीची मूर्ती होती, आणि सोबत एक मातीचा बैल. ती देवी असावी, असे संशोधक मानतात. वय तीन हजार वर्षांहून जास्त!

भाजले नाही तरी टिकले कसे? घराखाली पुरलेले होते, पावसाचे पाणी लागले नाही, म्हणून. उघड्यावर असते तर पहिल्याच पावसात चिखल झाला असता.

मुद्दा इथेच आहे, मैत्रिणींनो. त्याच काळातली भाजलेली मडकी फुटली तरी खापरे उरली. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात तशी खापरे सापडली, म्हणून त्या साऱ्या संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ असे नाव मिळाले. भट्टीतल्या कामाला इतिहासात जागा मिळाली. चूल, कणगी, टोपली यांचे काम पाण्यात विरघळले, आणि करणारीचे नावही त्याबरोबर गेले. म्हणूनच आजही असे काम ‘रिकामपणाचा उद्योग’ ठरते आणि विकायला ठेवले की भाव पाडून मागतात.

तेव्हा गटात वाडगे करणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, मीठ-मैद्याचा गोळा कोकणात वापरू नका. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, हे मिठागराशेजारच्या बाईला सांगायला नको. वाडगा मऊ पडतो. दुसरी, हे वाडगे शोभेचेच. त्यात ओले अन्न ठेवू नका, पाण्याने धुऊ नका. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. लगदा ओला असतानाच बुडाला काडीने आपले नाव, गाव आणि साल कोरा. आजीची मेथीची कृतीही तिला विचारून गटाच्या वहीत उतरवून ठेवा.

इनामगावच्या त्या भांड्यावर कोणाचे बोट फिरले, ते आता कधीच कळणार नाही. तुमच्या वाडग्यावर कोणाचे फिरले, ते तरी कळू द्या.