आठशे सीसीची गोष्ट



आमच्या अल्टोला 2023 मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली. खासगी गाडीचं पहिलं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी एप्रिल 2022 पासून 600 रुपयांची 5,000 झाली. हरित कर, फिटनेस, गॅरेजची किरकोळ कामं हे सगळं वेगळं. मुलगा म्हणाला, "आई, भंगारात देऊन टाकू. आता मोठी गाडी घेऊ. ही डबी किती दिवस ठेवणार?"

डबी हा शब्द मला लागला. त्या रात्री मी कपाटातून पेट्रोलच्या वह्या काढल्या. 1994 पासून दर वेळी टाकी भरली की किलोमीटर, लिटर आणि रुपये लिहायचे ही माझी सवय. बी.कॉम. केलं आणि नोकरी केली नाही, तर हिशोब असा कुठेतरी बाहेर पडतोच! वह्या चाळताना वाटलं, या छोट्या गाडीचा इतिहास एकदा नीट लिहून काढावा. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या हातात पहिलं स्टिअरिंग हिनेच दिलंय.

या इतिहासाची सुरुवात आपल्या सोलापूरच्या माणसापासून करावी लागते. वालचंद हिराचंद दोशी, जन्म 1882. सिंदिया जहाज कंपनी, बंगळूरचा विमान कारखाना ही त्यांची कामं आपण शाळेत वाचली. पण भारतात मोटारगाडी तयार व्हावी, हा त्यांचा ध्यास त्याहून चिवट होता. युद्धाच्या काळात इंग्रज सरकारने या कारखान्याला साथ दिली नाही. तरी त्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर आली. 1953 मध्ये वालचंदशेठ गेले. पुढे त्याच कारखान्यातून फियाट येऊ लागली आणि तिचीच नंतर प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे तीच. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते.

पण फियाट काय किंवा अँबेसेडर काय, त्या सामान्य घरांसाठी नव्हत्याच. गाड्या किती बनवायच्या ते सरकारच्या परवान्यावर ठरायचं, त्यामुळे पैसे असूनही वर्षानुवर्षं थांबावं लागे. आमच्या ह्यांची स्कूटर 1975 मध्ये नोंदवलेली, ती 1983 मध्ये दारात आली. तोवर ह्यांचं कॉलेज संपून दुकानात बसायला लागूनही काही वर्षं झाली होती.

लहान, स्वस्त गाडी हवी हे बोलणं मात्र जुनं होतं. 1960 च्या सुमाराला सरकारी समितीनेही तशी शिफारस केली होती. पुढे 1971 मध्ये संजय गांधींनी गुडगावला मारुती नावाची कंपनी काढली, 'लोकांची गाडी' बनवायची म्हणून. कारखान्याची शेड उभी राहिली, पण गाडी काही लोकांच्या दारात आली नाही आणि आणीबाणीनंतर ती कंपनी बुडाली. जून 1980 मध्ये संजय गांधी विमान अपघातात गेले. त्यानंतर सरकारने ती बुडालेली कंपनी ताब्यात घेतली आणि फेब्रुवारी 1981 मध्ये मारुती उद्योग स्थापन झाला. हे सगळं वाचताना माझ्यातली कॉमर्सची विद्यार्थिनी अस्वस्थ होते. बुडीत कंपनी सरकारने उचलायची, म्हणजे शेवटी करदात्यांनीच उचलायची. तेव्हा टीकाही पुष्कळ झाली आणि ती चुकीची होती असं मला वाटत नाही. पण या वेळी सरकारला एक शहाणपण सुचलं, ते म्हणजे गाडी बनवता येणारा जोडीदार शोधायचं. ऑक्टोबर 1982 मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला, सुझुकीचा वाटा 26 टक्के. जपानी लोकांनी कारखान्यात एक पद्धत आणली. साहेब आणि कामगार एकाच रंगाचा गणवेश घालणार, एकाच कँटीनमध्ये रांगेत उभे राहून जेवणार. आपल्याकडच्या साहेबांना हे किती जड गेलं असेल, याची कल्पना करून मला हसू येतं.

नोंदणी खुली झाली आणि लाखाहून जास्त लोकांनी प्रत्येकी दहा हजार रुपये भरले. गाडी अजून बनायची होती. चिठ्ठ्या काढून क्रम लावले गेले. 14 डिसेंबर 1983 ला, संजय गांधींच्या वाढदिवशी, इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात ठेवली. ते इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते. त्यांनी ती पांढरी गाडी 2010 मध्ये जाईपर्यंत विकली नाही. आता ती दुरुस्त करून कंपनीने आपल्या मुख्यालयात ठेवली आहे.

गाडीची किंमत होती 47,500 रुपये. माझे वडील तेव्हा शाळेत शिक्षक, पगार महिना 1,400. म्हणजे चौतीस महिन्यांचा अख्खा पगार, न खाता न पिता. तेव्हा 'स्वस्त' शब्दाला फसू नका. स्वस्त ती फियाटवाल्यांना होती.

आता ती पेट्रोल कमी का पिते, हे सांगते. चार माणसांच्या भाताला आपण लग्नातलं पातेलं चढवत नाही, तसंच आहे. अँबेसेडरचं वजन अकराशे किलोच्या पुढे, मारुती 800 साडेसहाशेच्या आसपास. इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. शिवाय इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना, त्यामुळे मागपर्यंत जाणारा लांब लोखंडी दांडा नाही, त्याचं वजन नाही आणि त्याच्यासाठी गाडीच्या मधोमध उंचवटाही नाही. चाकं अवघी बारा इंची. जे ओढायचं तेच कमी, मग जाळायलाही कमी लागतं. मायलेज मोजायची खरी रीत एकच. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर. काट्यावर विश्वास ठेवू नका, आणि जाहिरातीतल्या आकड्यावर तर नकोच. तो आकडा चाचणीतला असतो, आपल्या सात रस्त्यावरच्या गर्दीतला नसतो.

आमच्याकडे गाडी आली 1994 मध्ये. जुनी, 1989 ची मारुती 800, एक लाख पंधरा हजारांना. मामंजींचा विरोध होता. त्यांनी परिग्रह परिमाणाचं व्रत घेतलेलं आणि त्यांच्या वहीत स्पष्ट ओळ होती, 'वाहन: एक'. ते एक म्हणजे स्कूटर. पण सासूबाईंचे गुडघे इतके धरले होते की स्कूटरवर बसणं सोडाच, रिक्षात चढतानाही त्या रडायच्या. कुंथलगिरीला जायचं म्हणून दोन वर्षं जीव टाकत होत्या. शेवटी मामंजी म्हणाले, "गाडी आणा, पण स्कूटर विका. एकच राहील."

स्कूटर विकली. आणि मग कळलं की ह्यांना गाडी जमत नाही! क्लच सोडला की गाडी बंद, पुन्हा सुरू केली की भिंतीकडे. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी दीड महिना प्रयत्न केला. मी नुसती सोबत म्हणून मागे बसायचे. एकदा मास्तर मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही बघा बरं." मी तेहतीस वर्षांची, पदर खोचलेला, होटगी रोडला सकाळची वेळ. अर्धा क्लच मला पहिल्याच दिवशी समजला. मला फार हुशारी होती असं नाही. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असायचा आणि ते स्टिअरिंग वळवायला खांद्यात जोर लागायचा. माझ्या भावाच्या मित्राची फियाट मी एकदा वळवायला गेले होते, ती जागची हलली नव्हती. मारुती मात्र दोन बोटांनी वळायची. म्हणून मी म्हणते, या गाडीचा इतिहास नुसत्या कारखान्यांचा नाही.

त्या दिवसापासून रोज सकाळी मी ह्यांना दुकानात सोडायला लागले. पेठेतले लोक बघायचे. पहिले सहा महिने हे दुकानाच्या अलीकडच्या वळणावरच उतरायचे. आता सांगताना हसतो आम्ही, पण तेव्हा मला रडू येई. मग एक दिवस विक्रीकराचा कागद अडला म्हणून मी गाडी लावून आत गेले, आणि नंतर रोज दोन तास दुकानाचा हिशोब माझ्याकडेच आला. बारा वर्षं कपाटात पडलेली डिग्री गाडीने काढली म्हणा. सासूबाई कुंथलगिरीला चार वेळा जाऊन आल्या. चौथ्या वेळी मामंजी पुढे बसले, माझ्या शेजारी, आणि वाटेत म्हणाले, "घाटात तिसरा टाक." त्यांना गाडी येत नव्हती, पण लक्ष पूर्ण होतं.

पुढचा इतिहास भराभर सांगते. 1998 ला पुण्याची टाटा इंडिका आली, सँट्रो आली. फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अल्टो आली आणि 2004 नंतर कित्येक वर्षं देशात सर्वांत जास्त खपणारी गाडी तीच. 2008 च्या जानेवारीत टाटांनी एक लाखाची नॅनो दाखवली. स्कूटरवर भिजणारं कुटुंब पाहून ती सुचली होती. कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, तरी गाडी आली. पण 2018 नंतर ती बनली नाही. माझं मत असं की तिला 'सर्वांत स्वस्त' म्हटलं तिथेच घात झाला. आपला माणूस स्वस्त वस्तू घेतो, पण ती स्वस्त म्हणून दारात उभी करत नाही.

मारुती 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. 2008 मध्ये आम्ही ती विकून अल्टो घेतली होती, त्याच 796 सीसीची. आणि 2023 मध्ये, मी पाच हजार भरत होते त्याच सुमाराला, प्रदूषणाचे नियम आणखी कडक झाले आणि अल्टोमधलं ते आठशेचं इंजिनही बंद झालं. आता मिळते ती एक हजार सीसीची के-10. सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तरी रस्त्यावर बघाल तर उंच, जाड गाड्याच जास्त.

मुलाचा मुद्दा मात्र खोटा नाही. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने अल्टो 800 आदळून पाहिली, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तिला एकही तारा मिळाला नव्हता. आमची तर त्याहून जुनी, एअरबॅग नसलेली. जे वजन नसल्यामुळे पेट्रोल वाचतं, त्या हलकेपणाची ही दुसरी बाजू आहे. म्हणून ती मी हायवेला नेत नाही. मंदिर, मंडई, दुकान आणि पाठशाळा. मुलाने त्याची मोठी गाडी घेतली, त्याच्या पैशाने आणि त्याच्या नावावर. व्रत मामंजींचं होतं, ते मी त्याच्यावर लादलं नाही. सुनेला मात्र शेवग्याच्या बोळात मोठी गाडी वळवता येत नाही, तेव्हा ती माझीच किल्ली मागते.

2028 पर्यंतचा कागद आहे. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची असेन. माझ्या वहीत पहिल्या पानावर मीही लिहून ठेवलंय, 'वाहन: एक'.

परवा टाकी भरली. 412 किलोमीटर, 23.4 लिटर. भागाकार तुम्ही करा.