दोन नद्यांमधले भोज

सीमाभागाचा इतिहास म्हटला की १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस आठवतो. त्या दिवशी आपला मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पण नदीकाठच्या गावांचा आणखी एक इतिहास आहे, पाण्याचा. त्याची नोंद फारशी झालेली नाही.

निपाणी तालुक्यातील भोजच्या एका अंगाला वेदगंगा, दुसऱ्या अंगाला दूधगंगा. जवळच दोन्हींचा संगम. दिगंबर जैन आचार्य शांतिसागर महाराज (१८७२–१९५५) याच गावच्या पाटील घराण्यातले.

भोज माझे आजोळ. आजी सांगायची, पूर्वी पावसाळ्यात पलीकडे जायचे तर नाव, नाहीतर गुऱ्हाळातली काहील. पोहणारे गडी काहिलीची कड धरून ती पैलतीरी नेत. बाजारकरी, माहेरवाशीण, बाळंतीण, सगळ्यांना तीच वाट.

पुढे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवायचे, मृगाच्या तोंडावर ते काढायचे, वरून ये-जा. एकाच बांधकामात पाणीही आणि रस्ताही! काठावर मोटारी बसल्या, तंबाखूच्या शिवारात ऊस आला. वेदगंगेवरच्या बंधाऱ्याने भोज कुन्नूरला जोडले, दूधगंगेवरच्या बंधाऱ्याने कारदग्याला. दूधगंगेवरचाच मलिकवाड–दत्तवाड बंधारा तर दोन राज्ये जोडतो.

तरी नदीचा हक्क सुटलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस लागला की इथले बंधारे पाण्याखाली जातात. पाच मिनिटांच्या वाटेला मोठा वळसा पडतो. दूध, शाळा, दवाखाना सारेच अडते. २०१९ आणि २०२१ साली तर यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी थेट महामार्गावर आले. राज्याची हद्द कागदावर. पाणी अजून जुन्याच वाटेने येते.

मी सरकारी नोकर. बंधाऱ्याची लांबी-उंची दप्तरात सापडते, हे मला ठाऊक आहे. काहील कोण ओढत होते, ते मात्र कुठल्याच फाईलमध्ये नाही. आजीला त्या गड्यांची नावे विचारायची राहून गेली. आता ती नाही.

यंदा बाप्पाला निरोप द्यायला नदीवर जाल, तेव्हा घरातल्या थोरांनाही बरोबर न्या. काठावर बसवून एवढेच विचारा, "बंधारा नव्हता तेव्हा पलीकडे कसे जात होता?" आणि उत्तर वहीत लिहून ठेवा, नावांसकट.