पसूर नदीवरचे कमांडर सामंत



आपण देवळालीच्या म्हटलं, की बाहेरची माणसं विचारतात, ‘म्हणजे नाशिकची, लष्कराची देवळाली?’ नाही हो, आपली देवळाली प्रवरा! ऊस आणि पाटाच्या पाण्याची. समुद्र आपल्यापासून लांब. तरी आज गोष्ट सांगणार आहे ती आरमारातल्या एका मराठी अधिकाऱ्याची.

कमांडर मोहन नारायण सामंत हे मूळचे पाणबुडीवाले. ‘करंज’ पाणबुडीचे पहिले कप्तान. १९७१ साली त्यांच्याकडे वेगळंच काम आलं. भागीरथीच्या काठी, पलाशीजवळच्या गुप्त छावणीत पूर्व बंगालची तरुण मुलं रात्री पोहत जाऊन जहाजांना सुरुंग लावायला शिकत होती. त्या मोहिमेची धुरा सामंतांनी सांभाळली. ऑगस्टमध्ये त्या मुलांनी चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज इथल्या बंदरांत एकाच रात्री जहाजं उडवली.

डिसेंबरात युद्ध पेटलं. सामंत चार लहान बोटी घेऊन हसनाबादहून निघाले. मुक्तिवाहिनीच्या ‘पद्मा’ आणि ‘पलाश’, सीमा सुरक्षा दलाची ‘चित्रांगदा’ आणि नौदलाची ‘पनवेल’. हो, आपल्या रायगडातल्या पनवेलचंच नाव! सुंदरबनातल्या अनोळखी खाड्यांमधून वाट काढत त्यांनी मोंगला बंदर गाठलं. तिथून तीन बोटी पसूर नदीतून खुलन्याकडे वळल्या.

१० डिसेंबरच्या दुपारी आकाशात विमानं आली. आपलीच होती. ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळा रंग दिला होता, तरी चूक झाली. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ पेटल्या, बुडाल्या. ‘पलाश’वरचे रुहुल अमीन त्या दिवशी कामी आले. बांगलादेशानं त्यांना ‘वीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च सन्मान दिला.

काठावर शत्रू, पाण्यात जखमी सोबती. अशा वेळी परत फिरले असते, तरी कोणी बोल लावला नसता. सामंतांनी आधी पाण्यातली माणसं वर घेतली, आणि मग खुलन्यावरचा हल्लाही सोडला नाही. त्यांना आणि ‘पनवेल’चे कप्तान नोरोन्हा यांना महावीर चक्र मिळालं.

त्या गुप्त मोहिमेची सगळी हकीकत मात्र कित्येक वर्षं बंदच राहिली. सामंतांनी सहलेखकासोबत लिहिलेलं ‘ऑपरेशन एक्स’ हे पुस्तक २०१९ साली आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले.

मैत्रिणींनो, बंदर जिंकल्याची नोंद इतिहासात होतेच. पण आपल्याच माणसांकडून घाव बसला, तेव्हा दोष कुणाचा हे विचारत न बसता त्यांनी बुडणाऱ्याला हात दिला. मुलांना लढाईची गोष्ट सांगाल, तेव्हा हेही जरूर सांगा.