अरबभूमीवरील गजयूथे

संयुक्त अरब अमिरातींपैकी अबूधाबीच्या पश्चिम भागात म्लेइसा नावाचे एक ओसाड स्थळ आहे. वाळू आणि पांढुरके खडकाळ पठार ह्यांवाचून तेथे डोळ्यांस काही पडत नाही. परंतु त्या पठारावर मोठमोठे गोलाकार ठसे उमटलेले आहेत. ते सुमारे ६० ते ८० लक्ष वर्षांपूर्वीच्या गजकुलीन प्राण्यांचे होत, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. त्या काळी ह्या प्रदेशातून नद्या वाहत असत. ओल्या चिखलातून किमान १३ लहानमोठ्या जनावरांचा एक कळप एकत्र चालत गेला, आणि त्यांची वाट आडवी छेदून एक मोठे जनावर, बहुधा नर, एकटेच २६० मीटर अंतर चालून गेले. माद्या व पिले ह्यांनी एकत्र राहावे आणि वयात आलेल्या नराने दूर निघून जावे, ही आजच्या हत्तींचीही रीत आहे. मनुष्यजात जन्मास येण्यापूर्वीच हे कुटुंब सिद्ध झालेले होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण पाळीव हत्तीच्या सुखदुःखाचा विचार तिच्यावाचून करताच येत नाही.

पुढे अरबस्तान रुक्ष झाला व हत्ती नाहीसे झाले. त्यानंतर येथे जो हत्ती आला तो कोणीतरी आणलेला. मक्केवर चालून आलेल्या अब्राहाच्या हत्तीवरून एका वर्षास ‘हत्तीचे वर्ष’ हे नाव पडले, ही कथा सर्वश्रुत आहे.

आपल्या काळातील आगमन मात्र सैन्यासह झाले नाही, विमानाने झाले. नामिबिया देशाने डिसेंबर २०२० मध्ये १७० रानटी हत्ती विक्रीस काढले. अवर्षण पडलेले, हत्ती व माणूस ह्यांचा पाण्यावरून व शेतीवरून झगडा वाढलेला, अशी त्या सरकारची बाजू होती. पुढील वर्षी त्यांपैकी ५७ विकले गेले, आणि मार्च २०२२ मध्ये २२ हत्ती अमिरातींत उतरले. अल ऐन येथील १९६८ साली स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय व त्याच वर्षी, म्हणजे २०२२ च्या फेब्रुवारीत, उघडलेले शारजा सफारी ही त्यांची नवी घरे. वन्यप्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचा अर्थ कसा लावावा, ह्यावरून मोठा वाद माजला. कायद्याचा कीस येथे काढण्याचे प्रयोजन नाही. मुक्त कळपातील जनावरे पकडून समुद्रापार न्यावीत काय, हा मूळ प्रश्न. आणि त्याचे उत्तर आपल्या जुन्या ग्रंथांत शोधणे अप्रस्तुत होणार नाही.

पालकाप्य मुनींचा ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापून प्रसिद्ध केला. ह्या शास्त्राच्या उत्पत्तीची कथा मोठी अर्थपूर्ण आहे. अंगदेशाचा राजा रोमपाद ह्याच्या राज्यात हत्ती पिकांची नासाडी करीत, म्हणून राजाने एक अखंड कळप धरून चंपानगरीस आणविला. पालकाप्य त्या कळपातच वाढलेले. हत्तीण ही त्यांची माता. आपला कळप दिसेना, तेव्हा माग काढीत ते चंपेस आले आणि बांधलेल्या हत्तींच्या जखमांना औषध लावीत बसले. राजाने प्रश्न विचारले आणि त्यांच्या उत्तरांतून शास्त्र निर्माण झाले. पिकांची नासाडी, राजाज्ञा, धरपकड : नामिबियातील प्रकरण ह्याहून फारसे निराळे नाही. विशेष हे की, आपल्या गजवैद्यकाचा आरंभ विजयाच्या वर्णनाने होत नाही, दुखापतीने होतो. नीलकंठाच्या ‘मातंगलीले’तही नव्याने धरलेला हत्ती वनातील सुख आठवून कसा झुरतो, ह्याचे वर्णन आहे. हत्तींवाचून राज्य चालत नाही असे मानणाऱ्या कौटिल्यानेही पिलू, रोगी हत्ती, गाभण व पाजती हत्तीण ह्यांस धरू नये, असे स्पष्ट बजावले आहे. त्या मर्यादा सर्वत्र पाळल्या गेल्या असतील असे मानण्याचा भाबडेपणा नको, पण त्या लिहून ठेवण्याची गरज भासली हेही थोडे नव्हे.

आपणांपैकी पुष्कळांचे पूर्वज गिरमिटावर समुद्र ओलांडून गेले. कागदावर अंगठा, ठराविक वर्षांची मुदत आणि, निदान नावापुरते, परतीच्या प्रवासाचे वचन एवढे तरी त्यांच्या गाठीस होते. तरीही त्या धक्क्यावर कोण कोणापासून तुटले, ह्याच्या कहाण्या घराघरांत अजून निघतात. हत्तीला कागद नाही, मुदतही नाही. तुलना ह्यापुढे ताणू नये. मनुष्याचे दुःख मनुष्याचेच.

संगोपन करणाऱ्यांस दोष देऊन काही साधणार नाही. अमिरातींनी २०१६ साली कायदा करून हिंस्र व धोकादायक प्राणी घरी बाळगण्यास बंदी घातली, हे स्तुत्यच होय. परंतु वैद्य, चारा, पाणी आणि सावली एवढ्याने हत्तीचे भागत नाही. बावीस महिने गर्भ वाहणारी, वडील हत्तिणीच्या मागे चालणारी ही जात. तिला एकाकी ठेवले, कठीण भूमीवर जखडले, की पाय सडतात, सांधे आखडतात आणि जनावर तासन् तास एकाच जागी डुलत राहते. पाहणाऱ्यास ते नाचते आहे असे वाटते!

ह्याचा दाखला कोल्हापुरात मिळाला. जोतिबा देवस्थानास २००७ साली दान दिलेला ‘सुंदर’ नावाचा हत्ती साखळीत एकटा राहिला. न्यायालयाच्या आज्ञेने २०१४ च्या जूनमध्ये त्यास बंगळूरजवळील बन्नेरघट्टा येथे नेण्यात आले. दान देणाऱ्यांच्या मनात भक्तीच असेल. पण भक्तीला सोबतीण हत्तीण देता आली नव्हती. बन्नेरघट्ट्यात त्याला इतर हत्तींची संगत मिळाली.

अल ऐन व शारजा येथील हत्तींपाशी ती संगत आजही आहे, कारण ते एकमेकांसह आले. उद्या देवघेवीच्या सोयीसाठी त्यांच्यातील एखादी तरुण हत्तीण अन्य देशातील संग्रहालयास धाडण्याचा प्रस्ताव आला, तर तिच्याबरोबर तिची आई आणि बहिणी जाणार आहेत काय, हे आधी विचारले पाहिजे.