मिशांचा वाद आणि १९३३ चे इंग्लंड

डिसेंबर २०१८ मध्ये अगाथा ख्रिस्टी यांच्या ‘द एबीसी मर्डर्स’ या १९३६ च्या रहस्यकादंबरीवरून बीबीसीने तीन भागांची मालिका दाखविली, आणि ब्रिटनमधले पुष्कळ प्रेक्षक रागावले. १९८९ ते २०१३ या काळात डेव्हिड सुशे यांनी रंगविलेला ऐटबाज मिशांचा गुप्तहेर प्वारो त्यांच्या मनात ठसलेला. जॉन मालकोविच यांचा थकलेला, दाढीवाला प्वारो त्यांना परका वाटला. मूळच्या पोलीस अधिकाऱ्याचा येथे पूर्वाश्रमीचा पाद्री केला, ही त्यांची तक्रार रास्तच होती.

परंतु परकीयांच्या द्वेषाची दृश्ये ब्रेक्झिटच्या वादातून घुसडली, हा काहींचा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. प्वारो १९२० च्या पहिल्या कादंबरीपासूनच बेल्जियन निर्वासित. पहिल्या महायुद्धात असे सुमारे २,५०,००० लोक ब्रिटनच्या आश्रयास आले. मालिकेतला काळ १९३३ चा. ओस्वाल्ड मोझली यांचा फॅसिस्ट पक्ष निघाला १९३२ मध्ये. कादंबरीच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९३६ रोजी, लंडनच्या केबल स्ट्रीटवर गोदी कामगारांनी आणि ज्यू रहिवाशांनी रस्ता रोखून त्याचा मोर्चा परतविला.

खुनाचे कोडे सोडविण्यात मौज आहे. ती जरूर घ्यावी. पण जुना काळ म्हणजे केवळ जुने पोशाख नव्हेत. त्यांतल्या काही कोटांवर द्वेषाचा बिल्लाही होता.