ज्वालेचें वळण

उल्हासनगर आणि बदलापूर यांच्या मधोमध वसलेलें अंबरनाथ म्हटलें कीं, शके ९८२ चा शिलालेख असलेलें शिवालय डोळ्यांपुढें येतें. परंतु या गांवाचा अग्नीशींही निकट संबंध आहे. १९२२ सालीं परदेशी आगपेट्यांवर जबर जकात बसली. पुढच्या वर्षीं स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीनें येथें कारखाना उभारला. विम्को नाका ही त्याचीच खूण होय. ज्योत टिकावी म्हणून काडीला मेण पाजतात. विझल्यावर ती धुमसूं नये म्हणून अमोनियम फॉस्फेटच्या द्रावणांत भिजवितात. पेटावें कसें आणि थांबावें कोठें, हें दोन्ही तिला आधींच शिकविलेलें असतें.

अशाच काड्या दादासाहेब फाळके यांनीं १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रपटांत न पेटवितां नाचविल्या. काडी किंचित् सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचें, पुन्हां सरकवावयाची. मात्र १९१७ सालीं ‘लंकादहन’ दाखवितांना ही युक्ति पुरी पडणारी नव्हती. काडी ठेवावी तेथें राहते. ज्वाला राहत नाहीं. शिवाय लहान प्रतिकृतीची ज्योत मोठ्या वणव्याहून चपळ. तिचें जलद चित्रण करून मग तें संथ दाखविल्याशिवाय ती नगर जाळणारी वाटत नाहीं.

हीच अडचण पुढें संगणकापुढें आली. १९८२ च्या एका ‘स्टार ट्रेक’ चित्रपटासाठीं विल्यम रीव्ह्ज यांनीं ग्रह व्यापणारी आग असंख्य कणांनीं रचली. प्रत्येक कणाला जन्म, वेग, रंग आणि अंत दिला. १९९९ मध्यें योस स्टॅम यांनीं प्रवाहाचीं गणितें मोठ्या पावलांनीं सोडवूनही न कोसळण्याची रीत दाखविली. आतां ज्वाला निसर्गनियमानें हलूं लागली. पण त्यामुळेंच ती चित्रकाराचें ऐकेना. २००२ सालीं लामोर्लेट व फॉस्टर यांनीं तोड सुचविली: ज्वालेचा कणा म्हणजे एक वक्ररेषा मानावी. ती चित्रकारानें वळवावी. वारा, उष्णतेचा उठाव आणि शेंड्याची फडफड हीं गणितावर सोंपवावीं. ‘श्रेक’ मधील मादी ड्रॅगनची आग याच मार्गानें घडली.

मूठ घट्ट आवळली, तर ज्वाला कापडी पताका दिसते. अगदींच सोडली, तर ती प्रसंग सोडून भलतीकडे जाते. म्हणून वळण माणसानें द्यावें आणि चांचल्य अग्नीचें अग्नीला राखूं द्यावें. अंबरनाथच्या काडीनें हाच धडा मेण आणि क्षार यांच्या भाषेंत केव्हांच गिरविला होता.