खेळाडूंच्या पात्रांवरील सामाजिक प्रभाव

भूमिकाखेळांत (रोल-प्लेइंग गेम) मन वळवून, भुलवून किंवा धमकावून खेळाडूच्या पात्राकडून एखादी गोष्ट करवून घेण्याच्या प्रयत्नास सामाजिक प्रभाव म्हणतात. या खेळांत तलवारीच्या वाराचा निकाल फाशांवर लागतो. पात्राने काय ठरवावे, हा अधिकार मात्र खेळाडूचा मानला जातो. तो निर्णयही फाशांवर सोपवल्यास खेळाडू प्रेक्षक उरतो. न सोपवल्यास वाक्‌चतुर पात्राचे कौशल्य निष्फळ ठरते. या पेचावर विविध खेळांनी निरनिराळे उपाय योजले आहेत.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीत (२०००) वाटाघाटीच्या कौशल्याने केवळ खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराच्या पात्रांचा कल बदलता येतो. ल्यूक क्रेन यांच्या 'द बर्निंग व्हील'मध्ये दोन्ही पक्ष वादापूर्वीच आपापली मागणी जाहीर करतात. हरलेल्यास ती मान्य करावी लागते; मात्र विजेत्याची वादात जितकी पीछेहाट झाली असेल, तितकी सवलत हरलेल्यास मिळते. व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये (२०१०) फासे पूर्ण अनुकूल पडले, तरी अंतिम निर्णय समोरच्या खेळाडूचाच असतो: होकार दिल्यास त्याला अनुभवगुण मिळतो, नकार दिल्यास त्याच्या पात्राला जोखीम पत्करावी लागते. येथे प्रभाव सक्ती न राहता नकाराची किंमत ठरतो.